ज्याचे मोहरे, त्याचे पांढरे

१९ नोव्हेंबर २००६, रविवार

आज हुकुमभाऊंच्या ओसरीवरून डाव अर्धा टाकून उठलो. असं आयुष्यात पहिल्यांदा केलं. 

झालं असं. माझा काळा घोडा त्यांच्या वजिरावर आणि हत्तीवर एकदमच पडला. वजीर गेल्यात जमा होता. हुकुमभाऊंनी मिशीवरून हात फिरवला, आधी चाललेला मोहरा उचलून परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, “एक चाल वापस, गुरुजी. मोहरे माह्ये आहेत.”

आमच्या कामठा गावात हा रिवाज आहे. ज्याचे मोहरे, त्याचे पांढरे, म्हणजे पहिली चाल त्याची. शिवाय डावात एक चाल परत घ्यायची सवलत. हुकुमचंद राहांगडाले गावातले मोठे धानवाले, माझ्याच वयाचे, आणि बुद्धिबळात माझ्या तोडीचा या गावात तो एकच माणूस. मी इथल्या शाळेवर लागलो तेव्हापासून दुपार ढळली की त्यांच्या ओसरीत आमचा डाव असतो. ओसरीच्या सिमेंटमध्येच पट कोरलेला आहे. मोहरे त्यांच्या वडिलांच्या काळचे, बिसराम नावाच्या सुताराने कातलेले. त्यामुळे पांढरे कायम त्यांचे. मी मास्तरचा मुख्याध्यापक झालो, निवृत्त झालो, पण मोहरे काळेच.

ओसरी छान आहे, वारा येतो. चहा आतून बाहेर येतो. आतलं घर कसं आहे ते मला ठाऊक नाही, आणि मला त्याच्याशी काही करायचंही नाही. माझा प्रश्न फक्त पहिल्या चालीचा आहे.

घरी येऊन बायकोला, पार्वताला सांगितलं, मी स्वतःचे मोहरे घेणार. प्लॅस्टिकचे नाही, रंग फासलेले नाही. अस्सल लाकडाचे, हातात घेतले की माणसाने गप्प बसावं असे. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “आत्ता सुचलं का तुमाले?” मी म्हटलं, यात उशीर कसला? तिने सूप झटकलं.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

गोंदियाला जाऊन आलो. बाजारातली खेळाच्या सामानाची सगळी दुकानं पायाखाली घातली. सगळीकडे क्रिकेटच्या बॅटी टांगलेल्या. एकाने चुंबकाचा डाव दाखवला, प्रवासात उपयोगी पडतो म्हणाला. मी कुठे प्रवासाला निघालो आहे? दुसऱ्याने लाकडाचा म्हणून जो काढला त्यातला घोडा बकरीसारखा होता. प्यादं उभं करून फुंकर मारली तर आडवं झालं. दुकानदार म्हणाला, “अंकलजी, बच्चे के लिए लेना है ना? चल जाएगा.” मी म्हटलं, “बच्चे के लिए नहीं, मेरे लिए लेना है, और चलेगा नहीं.” त्याने डबा माझ्या हातातून काढूनच घेतला.

परत आलो तर दारात लोकेंद्र, हुकुमभाऊंचा मुलगा. माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा, मनाने बरा. म्हणाला, “बाबूजी वाट पाहून राहिले जी. रोज ओसरीत बसून राह्यतेत.” मी म्हटलं, माझी तब्येत बरी नाही. तो माझ्या हातातल्या बाजाराच्या पिशवीकडे पाहत राहिला.

खोटं बोललो याचं वाईट वाटलं. जाण्याचा मोह मात्र आवरला.

४ डिसेंबर, सोमवार

नागपूरला राजदीपकडे दोन दिवस राहून आज परतलो. राजदीप बँकेत असतो. फोनवर म्हणाला होता, “बाबा, पाहिजे तो सेट मीच पाठवतो.” माझ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी भाजी घेत नाही, मोहरे कसे घेणार?

तिथे एक दुकान सापडलं. मालक स्वतः खेळणारा. त्याने सहा प्रकारचे मोहरे माझ्यापुढे मांडले आणि मला एकट्याला सोडून दिलं. हे मला फार आवडलं. मग मी एकेक हातात घेऊन पाहिला. लाल लाकडाचे दिसायला देखणे, पण घाम लागला की बोटाला रंग येईल असं वाटलं. राजदीप म्हणाला, येत नाही, पण एकदा मनात आलं म्हणजे आलं. शेवटी मन बसलं ते शिसमाच्या काळ्यांवर आणि पिवळसर, गुळगुळीत पांढऱ्यांवर. पांढऱ्यांना रंग नाही, लाकूडच तसं. बुडात शिसं भरलेलं, खाली हिरवी मखमल. मालकाने राजाला बोटाने ढकललं. तो कलला, डुलला आणि पुन्हा उभा राहिला. मी तीनदा करून पाहिलं.

मालक म्हणाला, डाव कसा आहे ते घोड्यावरून ओळखायचं, बाकी सगळं यंत्रावर कातून निघतं, घोडा हाताने कोरावा लागतो. म्हणून मी चारही घोडे खिडकीपाशी उजेडात नेले. एकाचा कान किंचित बुटका होता. मी दुसरा डबा मागितला. त्यात एकाच्या आयाळीची रेघ चुकली होती. तिसरा डबा उघडायला लावला तेव्हा राजदीप दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. तिसऱ्यातले घोडे निर्दोष निघाले. वह्या तपासण्यात जन्म गेला, तो असा कामी आला.

अडचण एकच. राजाच्या डोक्यावर क्रूस आहे. हा नमुना जगभर असाच असतो म्हणे. आणि उंट काही उंटासारखा नाही, डोक्याला चीर दिलेला खांब आहे. क्रूस घासून काढावा का, असा विचार गाडीत तुमसरपर्यंत करत होतो. नाही काढणार. मालाला हात लावायचा नाही.

किंमत इथे लिहीत नाही. पार्वता ही वही वाचते असा मला संशय आहे.

५ डिसेंबर, मंगळवार

लाज वाटते आहे, पण लिहितो.

सकाळी मोहरे काढले, एकेक फडक्याने पुसला, आणि मांडायला बसलो. मांडायचे कुठे? पटच नाही! दुकानदाराने विचारलं होतं, “बोर्ड?” मी तोऱ्यात म्हटलं होतं, “आहे.” इतकी वर्षं पट म्हणजे हुकुमभाऊंची ओसरी. पट वेगळा विकत घ्यायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाहेरून आणलेला राजा माझ्याच घरात जमिनीवर बेवारशासारखा उभा होता.

पार्वता पदर तोंडाला लावून हसली, मग उघड हसली. लेकीच्या, रीनाच्या लग्नानंतर तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणून रागावलो नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार

खुशाल सुताराला पट सांगितला. काळ्या घरांना बीज्याचं लाकूड, पांढऱ्यांना शिवणचं. प्याद्याची बैठक घराच्या निम्म्याहून थोडी मोठी असावी हे मी त्याला कागदावर काढून दिलं. तो म्हणाला, पटाखाली चार पाय लावून टेबलच करू, वाकून बसायची गरज नाही. मला पटलं. मी माप दिलं आणि शाळेतल्या एका कार्यक्रमाला गेलो.

पार्वताने इकडे पुढच्या खोलीला चुना मारायला काढला आहे. सगळं सामान माझ्या अंगावर. मी विचारलं, आत्ता कशाला? म्हणाली, “चुना सस्ता भेटला.”

२१ डिसेंबर, गुरुवार

टेबल झालं. काम सुरेख आहे, घरं अशी जुळली आहेत की नख जात नाही. पण खुशालने ते आमच्या पुढच्या खोलीतच जोडलं, आणि आता ते दारातून निघत नाही! आडवं करून पाहिलं, तिरपं करून पाहिलं. मी म्हटलं, “काऊन रे खुशाल, माप तर दिलं होतं.” तो खाली पाहून म्हणाला, “थोडं मोठंच बरं दिसते म्हटलं, गुरुजी.” माझ्या मापापेक्षा हातभर मोठं आहे. मी ओट्यावर, बाहेर सावलीत मांडणार होतो. हुकुमभाऊंना तिथे बसायला काही अडचण नव्हती. आता तो मार्ग बंद.

पार्वताला म्हटलं, याला अर्धे पैसे कापून दे. तिने त्याला पुरे दिले, वर जेवायला घातलं. कारागिराला असं लाडावून ठेवलं की हेच होतं.

तिने नवे काचेचे पेले आणले आहेत. आणि आतल्या दाराला पडदा. कशाला, ते विचारणं मी सोडून दिलं आहे.

२४ डिसेंबर, रविवार

आज लोकेंद्र पुन्हा आला. बाबूजींचा निरोप, गुरुजी, तुमचे नवे मोहरे घेऊन या, आपल्या पटावर खेळू. सगळ्या गावाला कळलं आहे म्हणायचं.

मोह झाला, लपवत नाही. महिना झाला, डाव नाही. एकटाच दोन्हीकडून खेळतो. काळ्यांकडून जिंकतो. दुपारी राजा आणि एक प्यादं खिशात टाकलं आणि गेलो. पार्वता दारात उभी होती, तिला सांगितलं, फक्त दाखवून येतो. तिने पाठ फिरवली.

हुकुमभाऊ ओसरीत बसले होते, पटावर मोहरे मांडून. मला पाहून उठले. एरवी उठत नाहीत. राजा हातात घेतला, तोलला, डोळ्यांजवळ नेला. “वजन आहे बापा!” म्हणाले. “पन डोक्शावर हे काय जी?” मी म्हटलं, परदेशी राजा आहे. “मंग तं माराले मजा येईन.” आम्ही दोघंही हसलो. मला तेव्हा बरं वाटलं, फार बरं वाटलं.

मग त्यांनी राजा सिमेंटच्या पटावर ठेवला. घरात मावेना. बैठक चारी बाजूंनी रेघांवर आली. प्याद्यालाही अंग चोरावं लागलं. ही घरं बिसरामच्या बारीक मोहऱ्यांच्या मापाची आहेत.

मी म्हटलं, “माझ्याकडे पट तयार आहे. शिवण आणि बीज्याचा.”

“आना ना मंग इकडं.”

“निघत नाही. दारातून निघत नाही.”

 आत कुठेतरी रामबाई, त्यांची बायको, भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला. हुकुमभाऊ बाहेर खळ्याकडे पाहत म्हणाले, “चुरनं होऊ द्या धानाचं. पाहू.”

पाहू म्हणजे नाही. शाळेच्या इमारतीसाठी वर्गणी मागायला मी गावोगाव फिरलो आहे, मला ‘पाहू’चा अर्थ कोणी सांगू नये. राजा खिशात घातला आणि आलो. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे जातो, मला कधी चुरण्या-मळणीची अडचण आली नाही.

९ जानेवारी २००७, मंगळवार

गेलो नाही. तेही आले नाहीत. धान चुरून, पोती भरून कधीच झाली. लोकेंद्र सांगत होता.

मोहऱ्यांवर धूळ बसते. पार्वता रोज पुसते, मी न सांगता. आज पाहिलं तर तिने राजा आणि वजीर उलटे मांडले होते. दुरुस्त करून तिला दाखवलं. म्हणाली, “मांडले कोनीबी, खेळाले कोन येते?”

मला हे लागलं. मी तिला म्हटलं, मी सांगून आलो आहे, पट तयार आहे म्हणून. पुढचं त्यांनी समजायला नको का?

ती म्हणाली, “पट तयार आहे म्हटलं. या म्हटलं का?”

मी म्हटलं, तेच ते.

“नाई, तेच ते नाई.”

१४ जानेवारी, रविवार

पाच दिवस विचार करतो आहे. खरं काय ते इथे तरी लिहावं. मी ‘या’ म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, कधीच नाही. पुढच्या गल्लीतल्या माणसाला, ज्याच्या मुलाला मी पाढे शिकवले, ज्याच्या आईच्या मयतीला मी स्मशानापर्यंत गेलो, त्याला मी माझ्या घरी बोलावलेलं नाही. कारण बोलावलं आणि ते आले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी ओसरीवर कोणत्या तोंडाने जायचं? न बोलावता सगळं बरं चाललं होतं.

ऑक्टोबरात दीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून विहारात मी भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वाभिमानावर बोललो होतो.

भीती वाटते. वाटू दे. मी जाणार.

१८ जानेवारी, गुरुवार

गेलो. वाटेत वाक्य पाठ करत होतो, तपासणीला साहेब येणार असले की पोरं करतात तसं. ओसरीत बसलो. धानाच्या भावावर बोलणं झालं. लोकेंद्रच्या मोटारसायकलवर झालं. चहा आला, संपला. मग मी म्हटलं, आणि पाठ केलेलं सगळं विसरून एवढंच म्हटलं, “हुकुमभाऊ, माझ्या घरी या खेळायला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कवा?”

“रविवारी.”

“येतो.”

बस, एवढंच. घरी येताना मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर ते कळत नव्हतं. पार्वताला सांगितलं. ती उठली. चुलीपाशी बसली आणि विझलेली चूल फुंकत राहिली.

२१ जानेवारी, रविवार

हुकुमभाऊ आले.

चालत आले, एकटे, धुतलेलं धोतर आणि नवी टोपी. गल्लीतले लोक दारात येऊन पाहत होते. शेजारचा केशोराव तर विडी पेटवता पेटवता थांबला. हुकुमभाऊंनी चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याशी क्षणभर थांबले, मग वाकून आत आले. आमचं दार ठेंगणं आहे. टेबलाला फेरी मारली, शिवणच्या घरावरून अंगठा फिरवला आणि कोणी न सांगता काळ्यांच्या बाजूला बसले.

“चला, गुरुजी. पांढरे तुमचे.”

मी हात पुढे केला आणि हात थांबला. मला पहिली चाल येईना! समोरच्याने काही केलं की त्याला उत्तर कसं द्यायचं ते मला ठाऊक आहे. पण समोर काहीच झालेलं नसताना आपण काय करायचं? सगळे मोहरे जागच्या जागी उभे, माझी वाट पाहत.  शेवटी वजिरापुढचं प्यादं सरकवलं, कारण हुकुमभाऊ तेच सरकवतात.

“मायीच चाल चोरली,” ते म्हणाले.

थोडा वेळ खेळ झाला. मग पटावरून नजर न काढता त्यांनी म्हटलं, “इतके साल झाले, गुरुजी. तुमी कवाच या म्हटलं नाई.”

 ते खरंच होतं. मी उंट उगाच उचलला आणि ठेवला.

पडद्याआडून पार्वताचा आवाज आला. शांत होता. “तुमीबी त्याहीले ओसरीच्या आत या म्हटलं नाई, भाऊजी.”

 मला वाटलं, संपलं, आता हे उठणार. हुकुमभाऊंचे कान लाल झाले. ते काळा घोडा बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, “होजी, बाई. नाई म्हटलं.” आणि घोडा खाली ठेवून, “पानी द्या.”

तिने नव्या पेल्यात पाणी आणलं. ते पूर्ण प्यायले, रिकामा पेला तिच्या हातात दिला.  माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कोणी पाहिलं असेल तर पाहिलं.

डाव मी हरलो. पांढरे घेऊन हरलो, तेही वाईट हरलो. जाताना ते म्हणाले, “उद्या?” मी म्हटलं, “उद्या. पांढरे माझेच.”

संध्याकाळी पार्वता तोच पेला पुन्हा पुन्हा पुसत बसली होती. मी म्हटलं, झालं ना आता मनासारखं? ती म्हणाली, “तुमचं झालं.” मला वाटलं, थकली असेल.

२२ जानेवारी, सोमवार

हुकुमभाऊ ठरल्याप्रमाणे आले. मी मोहरे मांडत होतो, तेवढ्यात पार्वता आतून बाहेर आली. अंगावर रीनाच्या लग्नातलं जांभळं लुगडं, केस चोपून बांधलेले. मी विचारलं, कुठे?

“रामबाईले बोलवाले.”

मी म्हटलं, त्यासाठी जायला कशाला हवं? हुकुमभाऊ इथेच आहेत, ते घरी गेले की सांगतील.

“तुमचं तुमी सांगतलं. मायं मी सांगतो. अन् ओसरीत नाई बसत मी, आत जाऊन सांगतो.”

मी मठ्ठ माणूस आहे. दोन महिने मोहरे, घोड्यांचे कान, पटाचं लाकूड, पांढरे आणि काळे. या गावात इतकी वर्षं तिला कोणाची ओसरीसुद्धा नव्हती, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. मला बोलायचं होतं, पण ती चपला घालत होती.

हुकुमभाऊ हातातलं प्यादं तसंच धरून उठले, दारापर्यंत गेले. बाईमाणसं त्यांच्याकडे मागच्या दाराने जातात, आमच्याकडची तर नेहमीच. ते रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, “बाई, समोरच्या दारानं जा जी!”

पार्वता थांबली नाही, वळलीही नाही.

“मंग का मांगच्या दारानं जाईन?” म्हणाली, आणि गेली.

आम्ही दोघे परत येऊन बसलो. पहिली चाल माझी होती. मी केली नाही, त्यांनी घाईही केली नाही. उघड्या दारातून रस्ता त्यांच्या घराच्या वळणापर्यंत दिसतो, तिकडेच पाहत बसलो.